लागलं का?

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळ टॉवरकडून सराफ्याच्या बाजूला वळत होते. गर्दीत केळ्यांच्या हातगाडीचा कोपरा माझ्या गुडघ्यावर बसला. गाडीवाल्यानं गाडी जागीच थांबवली आणि विचारलं, "लगा क्या?" मागून येणाऱ्या एका बाईंनी त्याच क्षणी विचारलं, "लागलं का हो?" दोघांना एकच उत्तर पुरलं. मी नुसती मान हलवली. लागलं नव्हतं. पण ते क्रियापद मात्र तिथून माझ्या मागे लागलं, ते अजून सुटलेलं नाही.

त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी ते ऐकत राहिले. मिरच्या कशा दिल्या, किती लागतील, पाव किलो की अर्धा? तुमच्या मुलाची नोकरी लागली का? फोन लागत नाहीये, रेंज नाही इथं. उकडायला लागलं बाई. आमच्या बोअरला यंदा पाणीच लागलं नाही. ती तुझी कोण लागते? या वाक्यांत कुणी कुणाला धडकत नाही. तरी प्रत्येक वाक्यात काहीतरी येऊन कशाला तरी टेकतं.

रसग्रहण आपण कवितेचं करतो. तिच्या एका शब्दापाशी थांबतो, तो फिरवून पाहतो, शेजारचे शब्द त्याच्यावर कसा प्रकाश टाकतात ते बघतो. मला तेच या क्रियापदाचं करायचं आहे. कारण मराठीत एवढी काव्यशक्ती असलेलं दुसरं क्रियापद मला माहीत नाही, आणि ही शक्ती आपण दिवसात शेकडो वेळा नकळत खर्च करतो.

मूळ साधं आहे. संस्कृतात लग् म्हणजे चिकटणं, स्पर्श होणं. प्राकृतात त्याचं लग्ग झालं. मराठीनं त्यातला स्वर लांबवून लाग केलं, हिंदीनं आणि आपल्या शहराच्या दखनीनं तो आखूड ठेवून लग केलं. हातगाडीवाला आणि त्या बाई एकाच आजीची नातवंडं बोलत होती. या धातूचं संस्कृत भूतकालवाचक रूप तर आपण कुणीही संस्कृत न शिकता वापरतो. ते रूप म्हणजे लग्न. लागलेलं ते लग्न. जन्माच्या किंवा मुहूर्ताच्या वेळी पूर्व क्षितिजाला जी राशी लागलेली असते ती लग्नराशी, आणि तो मुहूर्त साधून होतो म्हणून विवाहालाही लग्न. आता "बारा वाजून पाच मिनिटांनी लग्न लागलं" हे वाक्य पुन्हा ऐका. हजारो वर्षं वेगवेगळ्या वाटांनी आलेले दोन सख्खे भाऊ त्या वाक्यात शेजारी उभे असतात. अंतरपाट दूर होतो तेव्हा वधूवरांबरोबर तेही एकमेकांसमोर येतात, असं मला प्रत्येक मांडवात वाटतं.

कोशकारांनी या क्रियापदापुढे मोठे कष्ट घेतले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये पहिल्यांदा निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडानं छापला गेला. अशा कोशांत लागणे काढून बसावं आणि क्रमांक लावलेले अर्थ एकामागून एक वाचावेत. स्पर्श होणे, इजा होणे, गरज असणे, खर्च होणे, पेटणे, आरंभ होणे, नात्याचा असणे. कोशाला क्रमांक द्यावेच लागतात, त्याशिवाय शोधणाऱ्याला वाट मिळत नाही. पण वाचता वाचता मला ते क्रमांक गळून पडताना दिसतात. दिवा लागतो म्हणजे ज्योत वातीला टेकते. नोकरी लागते म्हणजे माणूस कामाला टेकतो. महिना लागतो म्हणजे श्रावण आपल्या दाराला येऊन भिडतो. दूध तळाला लागतं. चव जिभेला लागते. सगळीकडे स्पर्शच आहे, फक्त कशाचा कशाला एवढंच बदलतं.

याची खरी गंमत दुसऱ्या भाषेच्या शेजारी बसवल्यावर कळते. इंग्रजीचं 'टेक' हे असंच बहुपेडी क्रियापद. इंग्रजी शिकणाऱ्या व्हिएतनामी विद्यार्थ्याला ते फार छळतं, कारण त्याच्या भाषेत 'टेक'च्या प्रत्येक अर्थासाठी वेगळा शब्द उभा असतो. फोटो 'टेक' करणं म्हणजे 'चुप'. औषध 'टेक' करणं म्हणजे 'उओंग', शब्दशः पिणं, मग ती गोळी का असेना. बस 'टेक' करणं म्हणजे 'दी', जाणं. विमान 'टेक ऑफ' करतं तेव्हा व्हिएतनामी माणूस म्हणतो, त्यानं पंख उचलले. आपली अवस्था फार वेगळी नाही. आपण फोटो काढतो, औषध घेतो, बसनं जातो, आणि शहागंजात दवा खातात. पण एका ठिकाणी तिन्ही भाषा अशा वेगळ्या होतात की मी तिथं बराच वेळ रेंगाळते. दोन तासांचा प्रवास. इंग्रजी म्हणते, प्रवास दोन तास घेतो. व्हिएतनामी तिथं 'मऽत' हे क्रियापद घालते. त्याचा अर्थ हरवणं, गमावणं, आणि कुणी गेलं हे हळुवारपणे सांगायचं असेल तर तोही शब्द हाच. दोन तास गमावले जातात. मराठी म्हणते, दोन तास लागतात. एकीकडे वेळ कुणीतरी घेऊन जातो, दुसरीकडे तो कायमचा जातो, आणि आपल्याकडे तो अंगाला लागून राहतो. कुठलं खरं? ज्यानं आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढली आहे त्याला तिन्ही खरी वाटतील. पण मला मराठीचं जवळचं वाटतं, कारण त्यात वेळ फुकट गेलेला नाही.

व्हिएतनामीकडे लागणेचा एक जवळचा नातलग मात्र आहे. शब्द 'त्रुंग'. चिनी भाषेतून तिथं गेलेला, आणि मूळ भाव नेम बरोबर बसण्याचा. आता त्याचा संसार पाहा. बंदुकीची गोळी लागली, तिथं त्रुंग. लॉटरी लागली, तिथंही त्रुंग. टेंडर लागलं, निवडीच्या यादीत नंबर लागला, तिथं त्रुंग. आणि अंगात कसर आली, डोकं जड झालं, वारं लागलं, तर तिथंही त्रुंगच, वाऱ्याचा त्रुंग. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. कुठला हा समुद्रकाठचा देश, कुठलं हे आपलं शहर, खडकावर वसलेली मलिक अंबरची खडकी, आणि वाऱ्यानं आजारी पडण्याला आणि लॉटरीला दोन्हीकडे एकच क्रियापद! दोन भाषांनी एकमेकींकडून काही घेतलेलं नाही. दोघींना स्वतंत्रपणे तेच दिसलं. नशीब काय, गोळी काय, वारा काय, या गोष्टी माणूस करत नाही, त्या बाहेरून येऊन त्याला भिडतात.

पुढे मात्र वाट फुटते. व्हिएतनामीत सोसण्याचे आणि लाभण्याचे दोन शब्द पक्के वेगळे आहेत. वाईट घडलं की 'बी', चांगलं घडलं की 'दुओक'. आजारपण आलं तर बी, सुट्टी मिळाली तर दुओक. आपल्यावर जे आलं ते बरं की वाईट, हे बोलणाऱ्याला क्रियापद उच्चारण्याआधीच ठरवावं लागतं. मराठीचं लागणे तो निवाडा करत नाही. ठेच लागते आणि समाधीही लागते. दृष्ट लागते आणि सूरही लागतो. नाद लागला, एवढंच सांगितलं तर ऐकणारा थांबतो, कशाचा ते विचारतो. जुगाराचा की गाण्याचा? क्रियापद म्हणतं, मी फक्त स्पर्श झाल्याचं सांगितलं, बाकी तुम्ही बघा. आणि मन लागलं, जीव लागला, ही तर अशी वाक्यं की बोलणाऱ्यालाही पुढची कित्येक वर्षं ठरवता येत नाही, ते बरं झालं की वाईट.

आता थोडं जवळ जाऊन, भिंग लावून वाचू. डोळा लागला म्हणजे झोप आली. डोळे लागले म्हणजे झोप उडाली, कुणाच्या तरी वाटेवर नजर खिळली. एकवचनाचं अनेकवचन होताच पापणी उघडते. वाटेला लागणे म्हणजे निघणे, वाट लागणे म्हणजे उद्ध्वस्त होणे. एका ला प्रत्ययानं माणूस सुखरूप प्रवासाला जातो, तो प्रत्यय काढला की सगळं संपतं. हाती लागणे आणि हाताला लागणे, एकात हरवलेलं गवसतं, दुसऱ्यात रक्त येतं. व्याकरणाच्या पुस्तकात विभक्ती हा रुक्ष विषय असतो. इथं ती जिवंत होते.

पण या क्रियापदातली माझी सगळ्यांत आवडती जागा याहून लहान आहे. "मी जायला लागले." "मला जायला लागलं." पहिल्यात मी निघाले, पाऊल माझं आहे, क्रियापद माझं लिंग धारण करून माझ्यासारखं होतं. दुसऱ्यात मी निघाले ती नाइलाजानं, आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होऊन माझ्यापासून दूर उभं राहतं. सुरुवात आणि सक्ती यांच्यात फरक एवढाच, मी आणि मला. सासरी निघालेल्या मुली, दुष्काळात मुंबई-पुण्याची गाडी धरलेले बाप, बदलीच्या गावी निघालेले मास्तर, यांच्या तोंडी ही दोन वाक्यं एकाच प्रवासाबद्दल येऊ शकतात. ऐकणाऱ्यानं फक्त पहिल्या शब्दाकडे लक्ष द्यायचं.

हिंदीला हे साधत नाही. तिथं सक्ती पडते. जाना पड़ता है. आपल्याकडे ती लागते. पडलेलं ओझं वरून येतं आणि दाबतं. लागलेलं ओझं अंगाला भिडून बरोबर चालतं. शहागंजात ही दोन्ही वाक्यं एकाच दुकानात पाच मिनिटांच्या अंतरानं ऐकू येतात, आणि कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडून. इथली दखनी मराठीच्या शेजारी वाढली. आपला नको तिनं घेऊन नक्को केला, आपला च घेऊन मैंच आणि वोच म्हटलं. लागणेच्या बाबतीत मात्र उधारी झालेली नाही, ते दोघींचं वडिलोपार्जित. त्यामुळे सरमिसळ होताना कुठं जुळतं आणि कुठं जुळत नाही हे ऐकण्यासारखं असतं. भूक दोघींना लागते, ऊन दोघींना लागतं. पण थंडी? "ठंडी लगरी," असं गाडीवाला म्हणतो. मराठी माणसाला थंडी वाजते, जणू अंगाचं वाद्य झालं. आणि "मेरेकू लगा तुम नहीं आते" याला मराठीत मला वाटलं. दखनीत मत येऊन भिडतं, मराठीत ते आतून वाटतं. एवढ्या जुन्या शेजारातही ही दोन घरं आपापला ओटा वेगळा ठेवून आहेत, याचं मला समाधान आहे.

संध्याकाळची वेळ या क्रियापदाची खास. मराठीत तिला दिवेलागण असं नावच आहे. दिवे लावण्याची वेळ नाही, लागण्याची. कुणी लावले ते त्या शब्दाला महत्त्वाचं वाटत नाही. मशिदीचे दिवे लागतात, राजाबाजारच्या संस्थान गणपतीपाशी दिवे लागतात, फळांच्या गाड्यांवरचे बल्ब लागतात, रमजान असेल तर सिटी चौकापर्यंतचा सगळा रस्ता लागतो. या शहराचा अठराव्या शतकातला मोठा कवी सिराज औरंगाबादी. त्याच्या नावाचा अरबी अर्थ दिवा. शहराच्या नावाची पाटी किती वेळा बदलली, खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. पण दिवेलागणीला शहागंज उजळताना पाहिलं की त्या कवीचं टोपणनाव मनात आल्यावाचून राहत नाही.

आणि पाणी. मराठवाड्यात दुष्काळ पडतो आणि पाणी लागतं. यात दोन क्रियापदांची अख्खी जमीन आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या वर्षी तर कुणाच्या शेतात बोअर चालू असेल तर सगळा गाव भोवती उभा राहायचा. आधी कोरडी माती, मग दगडाचा भुगा, मग ओलसर गाळ, आणि मग कुणीतरी ओरडतं, लागलं! काय लागलं हे सांगावं लागत नाही. मला मराठीतलं सगळ्यांत आनंदाचं एकशब्दी वाक्य विचारलं तर मी हेच सांगेन.

याच क्रियापदाची एक काळी बाजूही आहे, ती टाळून रसग्रहण करणं अप्रामाणिक होईल. स्पर्शातून सगळं जग उभं करणाऱ्या भाषेच्या लोकांनी स्पर्शाचीच भीती बाळगली. सुतक लागतं, विटाळ लागतो. १९३४ साली वेरूळची लेणी पाहायला निघालेले बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी इथून जवळच दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. दरवाजाजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुऊन प्रवासाची धूळ काढली. पाणी बाटवलं म्हणून जमाव चालून आला. अखेर किल्ला पाहू दिला तो एका अटीवर, आत कुठंही पाण्याला हात लागता कामा नये, आणि त्यावर नजर ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे. पण मराठीत सांगताना लागणेवाचून तो सांगता येत नाही, आणि तो शब्द उच्चारताना घशात काहीतरी अडकतं. सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. तिथं आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलांच्या हाताला पुस्तकं लागली. तेच क्रियापद, तोच हात.

शब्दाचा अर्थ कळला असं आपण म्हणतो, पण कठीण कवितेच्या बाबतीत म्हणतो, अर्थ लागला. ओळ कितीदा वाचावी, काही हाती येत नाही, आणि एखाद्या दिवशी रस्त्यानं जाताना तो आपणहून येऊन लागतो. रियाज करणारा गायकही सूर लावतो खरा, पण ज्या दिवशी तो खरा लागतो त्या दिवशी ते श्रेय तो स्वतःकडे घेत नाही. लावणे आपलं, लागणे त्याचं. माणूस झाड लावतो, दिवा लावतो, कुंकू लावतो, जीव लावतो. मग वाट बघतो.

लागणेचा एक अर्थ आता शहरात फार कमी ऐकू येतो, म्हणून तो इथं नोंदवते. माझी आजी म्हणायची, "ये गं, मला जरा पोतं उचलू लाग." म्हणजे उचलायला मदत कर. जात्यावर दोघी बसल्या की एक दुसरीला दळू लागायची. खुंटा एकच, हात दोन, आणि दगड हलका व्हायचा. मदत कर म्हटलं की मागणारा आणि देणारा असे दोन पक्ष होतात. उचलू लाग म्हटलं की फक्त आणखी एक हात ओझ्याला लागतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग सांगते तेव्हा त्यांना वाटतं, उचलायला सुरुवात कर एवढाच त्याचा अर्थ. तो अर्थ त्यांच्या कानांवरून गेला याचं मला मनापासून दुःख होतं, कारण त्याच्या जागी आलेल्या कुठल्याही शब्दात तो हात नाही.

आणि नातं. मराठी माणूस नात्यानं असतो कमी, लागतो जास्त. ते माझे मामा लागतात, ती माझी नणंद लागते. व्हिएतनामीत रोजच्या बोलण्यात नुसत्या तू-मीवर भागत नाही. समोरच्याला थोरला भाऊ, मोठी बहीण, धाकटं भावंड, काका, आत्या असं काहीतरी म्हणूनच वाक्य सुरू होतं, आणि त्या हिशेबानं स्वतःलाही नातं लावून घ्यावं लागतं. कोण कुणाचं कोण लागतं हे ठरल्याशिवाय तोंड उघडत नाही. शहागंजाच्या बाजाराला हे नवं वाटणार नाही. इथं भाऊ, ताई, मावशी, मामू, खाला यांच्यावाचून कुणी पेरूसुद्धा विकत नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंना घेऊन तिथं गेले होते. काकूंचं वय झालंय, त्यांना गर्दीचा दम लागतो. त्यांचा दंड धरून मी चालत होते. एका फळवाल्यानं त्यांना बसायला स्वतःचं स्टूल दिलं, पाण्याची बाटली पुढे केली, आणि डाळिंबं तोलता तोलता मला विचारलं, "ये अम्मा तुम्हारे कौन लगते?"

मी म्हटलं, "नात्यानं कुणी नाही लागत. शेजारी राहतात."

त्यानं काट्यावर आणखी एक डाळिंब ठेवलं. म्हणाला, "शेजारी रहते बोले तो लगते ना."